बेडूकडोळ्या गाडीचे पुस्तक

मोटारीचे बॉनेट उघडून आत डोकावणाऱ्यांचे सरळ दोन वर्ग पडतात. एकाला तेथे तेलाने माखलेल्या नळ्या, तारा आणि लोखंडाचे ठोकळे दिसतात. दुसऱ्याला हवा कोठून आत येते, ठिणगी कोठे पडते, पाणी कोठून फिरते आणि धूर कोठून बाहेर जातो, हे दिसते. दोघांचे डोळे सारखेच असतात. फरक असतो तो माहितीचा. ही माहिती पूर्वी गॅरेजमध्ये उमेदवारी केल्यावाचून सहसा मिळत नसे. उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत आणि चाके काढत काही वर्षे घालवावीत, तेव्हा कोठे इंजिनाला हात लावण्याची वेळ येई; आणि उस्ताद सारेच सांगेल असाही नेम नव्हता. ती माहिती कागदावर उतरवून सामान्य गाडीमालकाच्या हाती देण्याचे काम ज्यांनी मोठ्या चिकाटीने केले, त्यांत जॉन हेन्स या इंग्रज गृहस्थांचे नाव आधी घ्यावे लागते.

हेन्स यांचा जन्म २५ मार्च १९३८ रोजी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत झाला. वडील तेथे चहाच्या मळ्यावर व्यवस्थापक होते. जॉन बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. केंट परगण्यातील सटन व्हॅलन्स येथील वसतिशाळेत तो दाखल झाला. इंग्रजी वसतिशाळांत रग्बी हा मोठ्या मानाचा खेळ. चिखलात लोळावे, एकमेकांवर आदळावे आणि चेंडू घेऊन पळावे, यात त्या मुलांना फार आनंद वाटे. जॉनला मात्र त्यात गोडी नव्हती. त्याने आपल्या वसतिगृहाच्या प्रमुख शिक्षकांकडे जाऊन एक चमत्कारिक विनंती केली. खेळाच्या तासाला मैदानावर जाण्याऐवजी आपल्याला एक जुनी मोटार दुरुस्त करू द्यावी, असे त्याने त्यांना सांगितले. शिक्षकांनी ती विनंती मान्य केली. जगातील कोट्यवधी पुस्तकांना ज्या गोष्टीपासून आरंभ झाला, तिच्यात त्या शिक्षकांच्या होकाराचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

ती जुनी मोटार म्हणजे ‘ऑस्टिन सेव्हन’. १९२२ पासून १९३९ पर्यंत इंग्लंडमध्ये ही चिमुकली गाडी तयार होत होती. तिचे इंजिन अवघे ७४७ घनसेंटिमीटरचे, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या मोटारसायकलीएवढे. मध्यम स्थितीतील कुटुंबाला परवडणारी गाडी म्हणून तिने नाव मिळवले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा जुन्या गाड्या थोड्या पैशांत मिळू लागल्या. तिचा खालचा सांगाडा आणि वरची बांधणी वेगवेगळी असे. तेव्हा हौशी तरुण वरची जड पेटी काढून टाकत आणि सांगाड्यावर पत्र्याची हलकी बांधणी चढवून शर्यतीच्या गाडीसारखी गाडी तयार करत. अशा घरगुती गाडीला ‘स्पेशल’ म्हणत. जॉनने आपली स्पेशल तयार केली. एवढ्यावर तो थांबला असता, तर हौशी पोरांपैकी तो एक ठरला असता. त्याने केलेले काम क्रमवार लिहून काढले, आकृत्या काढल्या आणि १९५६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याची एक लहानशी पुस्तिका केली. तिच्या पहिल्या २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. आपल्याजवळची माहिती कोणाला तरी हवी आहे, याचा तो पहिला पुरावा होता.

पुढे हेन्स इंग्लंडच्या हवाई दलात गेले. नोकरीत असतानाच, १९६० साली, त्यांनी आपली छोटी प्रकाशनसंस्था स्थापन केली. १९६५ च्या सुमारास ते एडन येथील तळावर होते. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी वसलेल्या या बंदराचा मुंबईशी जुना संबंध आहे. १८३९ साली इंग्रजांनी ते घेतल्यापासून पुढे कित्येक वर्षे त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. अशा त्या उन्हाने तापलेल्या बंदरात हेन्स यांच्या एका सहकाऱ्याने एक जुनी ‘ऑस्टिन-हीली स्प्राइट’ गाडी विकत घेतली. गाडीची अवस्था वाईट होती. इंजिन पुन्हा बांधल्यावाचून ती धड चालेल अशी चिन्हे नव्हती. तो सहकारी हेन्स यांच्याकडे आला.

ही स्प्राइट १९५८ साली बाजारात आली होती. डोनल्ड हीली या प्रसिद्ध मोटारतज्ज्ञांच्या कल्पनेतून ती उतरलेली. गाडी स्वस्त ठेवायची म्हणून तिला दारांच्या बाहेरच्या मुठी नव्हत्या, मागे सामान ठेवण्याच्या जागेला झाकण नव्हते. पुढचे दोन्ही दिवे बॉनेटवर वर उठून बसलेले. त्यामुळे समोरून पाहिले, की पाण्यातून डोके काढलेल्या बेडकाची आठवण होई. लोकांनी तिचे नाव ‘बेडूकडोळी’ ठेवले आणि तेच रूढ झाले. तिचा एक गुण मात्र दुरुस्ती करणाऱ्याला फार सोयीचा होता. बॉनेट आणि पुढच्या चाकांवरचा पत्रा मिळून एकच तुकडा होता आणि तो मगरीच्या जबड्यासारखा वर उचलता येई.

गाडीच्या कारखान्याने दुरुस्तीचे पुस्तक काढलेच होते. हेन्स यांनी ते पाहिले. ते चुकीचे नव्हते. पण ते ज्यांच्यासाठी लिहिले होते, ते लोक वेगळे होते. ज्याच्याजवळ सुसज्ज कर्मशाळा आहे, खास हत्यारे आहेत आणि ज्याने हे काम पूर्वी दहा वेळा केले आहे, अशा मेकॅनिकला आठवण करून देण्यापुरते ते पुस्तक होते. घरामागच्या अंगणात चार पाने आणि एक पेचकस घेऊन बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग थोडा. हेन्स यांनी मग एक कॅमेरा मिळवला. इंजिन खोलताना आणि पुन्हा जोडताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे त्यांनी घेतली, आणि प्रत्येक छायाचित्रासोबत काय केले ते लिहून ठेवले.

हे ऐकायला सोपे वाटते. ते किती कठीण आहे, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. त्या स्प्राइटचेच इंजिन घेऊ. त्याला चार सिलिंडर आणि आठ झडपा. चार झडपा इंधनमिश्रित हवा आत घेतात, चार झडपा जळालेला वायू बाहेर सोडतात. प्रत्येक झडपेच्या डोक्यावर एक छोटी तरफ असते. ती खाली दाबली गेली, की झडप उघडते. झडप मिटलेली असताना तरफ आणि झडपेचा दांडा यांच्यामध्ये थोडी फट असावी लागते. या इंजिनात ती फट एका इंचाच्या एक हजार भागांपैकी बारा भाग, म्हणजे साधारण तीन दशांश मिलिमीटर ठेवायची असते. फट कशासाठी? इंजिन तापले, की लोखंड प्रसरण पावते. फट ठेवलीच नाही, तर तापलेल्या दांड्यावर तरफ टेकून राहील, झडप पुरती मिटणार नाही आणि आगीच्या झोताने तिची कड जळून जाईल. फट फार मोठी ठेवली, तर ठक्ठक् आवाज येईल आणि झडप पुरेशी उघडणार नाही.

जुन्या मेकॅनिकला ‘झडपांची फट तपास’ एवढे तीन शब्द पुरतात. नवख्या माणसाला ते तीन शब्द म्हणजे तीन कोडी. फट तपासायची कशाने? त्यासाठी पोलादाच्या पातळ पात्यांचा एक जुडगा मिळतो. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली असते. योग्य जाडीचे पाते फटीत सरकवून पाहायचे. ते ढिले फिरता कामा नये आणि अडकताही कामा नये. ओढताना किंचित घासल्यासारखे वाटले पाहिजे. हे ‘किंचित’ किती, ते हातालाच कळते. मग पुढचा प्रश्न. कोणती झडप पुरती मिटली आहे, हे ओळखायचे कसे? इंजिन हाताने फिरवत राहिले, की आठही तरफा खालीवर होत असतात. नवखा माणूस येथे हमखास गोंधळतो.

या इंजिनासाठी मेकॅनिक लोकांत एक गमतीचा नियम आहे. त्याला ‘नवाचा नियम’ म्हणतात. झडपांना पुढून मागे एक ते आठ क्रमांक द्यावेत. आठव्या क्रमांकाची झडप पूर्ण उघडलेली असेल, तेव्हा पहिलीची फट तपासावी. सहावी उघडलेली असेल, तेव्हा तिसरीची तपासावी. चौथी उघडली असेल, तर पाचवी. उघडलेल्या आणि तपासायच्या झडपांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ. झाले! शाळेतला कोणताही मुलगा किंवा मुलगी हा हिशेब तोंडी करील. ज्याला हा नियम कोणी सांगितला नाही, तो दुपारभर इंजिन फिरवत बसेल आणि तरीही त्याच्या मनात शंका राहील. एवढेसे हे ज्ञान. सांगायला अर्धे मिनिट लागते. पण ते सांगणारा कोणी भेटला पाहिजे.

लिहिणाऱ्याची खरी परीक्षा येथेच असते. ज्याला काम येते, त्याला आपण काय काय करतो याचा विसर पडलेला असतो. इंजिनाचे वरचे झाकण बसवताना तो नट एकदम आवळत नाही. मधल्या नटापासून सुरुवात करून आळीपाळीने बाहेरच्या नटांकडे जातो, आणि तेही दोन-तीन फेऱ्यांत. एका बाजूने सारे घट्ट आवळत गेले, तर झाकण वाकते आणि खालच्या गॅस्केटमधून पाणी किंवा वायू झिरपू लागतो. त्याचे हात हे आपोआप करतात, म्हणून लिहिताना ते सांगायचे राहून जाते. हेन्स यांनी यावर साधा उपाय शोधला होता. काम स्वतः करायचे आणि हाताने जे केले तेच लिहायचे. आठवणीवर विसंबायचे नाही, कारखान्याच्या पुस्तकातून उतरून घ्यायचे नाही. खास हत्यार जवळ नसेल, तर साध्या हत्याराने ते काम कसे निभावते, तेही करून पाहायचे. घट्ट बसलेला बुश काढण्यासाठी योग्य मापाची लोखंडी नळी, एक लांब बोल्ट आणि दोन वॉशर घेतले, तर नट आवळत आवळत तो ओढून काढता येतो. खेड्यापाड्यांतील कारागिरांना अशा युक्त्या ठाऊक असतात, पण छापील पुस्तकात त्यांना सहसा जागा मिळत नसे.

१९६६ साली स्प्राइट गाडीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. पुढच्याच वर्षी हेन्स यांनी हवाई दलाची नोकरी सोडली आणि ते पूर्ण वेळ याच उद्योगाला लागले. पुढे सॉमरसेट परगण्यातील स्पार्कफर्ड या खेड्यात त्यांच्या संस्थेचे ठाणे झाले. कामाची रीत मात्र एडनमधलीच राहिली. ज्या गाडीचे पुस्तक लिहायचे ती विकत आणायची, पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची आणि जे घडेल त्याची छायाचित्रे घेऊन ते लिहायचे. प्रत्येक कामाची अवघडता कळावी म्हणून पुस्तकांत पान्यांची छोटी चित्रे छापली जाऊ लागली. एक पाना म्हणजे नवशिक्यानेही करावे असे काम. पाच पाने म्हणजे जाणत्यालाही जपून करावे लागेल असे. अनेक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर टेरी डेव्ही या चित्रकारांनी काढलेले गाडीचे आरपार चित्र असे. फणस कापून आतले गरे दाखवावेत तशी ती गाडी कापलेली दिसे, आणि चाकापासून आसनाच्या स्प्रिंगपर्यंत सारे त्यात रेखलेले असे. ही चित्रे हाताने काढलेली होती. त्यांच्याकडे पाहत तास घालवावा अशीच ती आहेत.

या पुस्तकांत दोष नव्हते असे नाही. एखादा भाग खोलण्याचे वर्णन दोन पानांचे, आणि जोडण्याविषयी एवढेच, की खोलले त्याच्या उलट क्रमाने जोडावे. वाचकांनी यावर पुष्कळ विनोद केले. ते विनोद रास्त होते. इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरमधून बाहेर काढणे सोपे. पण बाहेर येताच त्यावरच्या कड्या स्प्रिंगसारख्या फाकतात. तो परत घालताना त्या कड्या पट्टीने आवळून धराव्या लागतात. जोर केला, तर बिडाची कडी काडकन मोडते. उलट क्रमाने जाणे येथे पुरत नाही. तरीही घराघरांतून ही पुस्तके गाडीशेजारी जमिनीवर उघडी पडलेली दिसत, आणि लहान गॅरेजांच्या फळ्यांवरही तेलकट बोटांचे ठसे घेऊन ती उभी असत.

आणखी एका गोष्टीचा विचार अशा लेखकाला करावा लागतो. गणिताच्या पुस्तकात आकडा चुकला, तर उत्तर चुकते. मोटारीच्या पुस्तकात ब्रेकविषयी चुकीची सूचना गेली, तर माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून काही गोष्टी पुनःपुन्हा सांगाव्या लागतात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम लोखंडी घोडी लावल्याशिवाय तर नाहीच, आणि गाडी सपाट, टणक जमिनीवर नसेल तर घोडी लावूनही नाही. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले उकळते पाणी दाबाखाली असते आणि ते तोंडावर उसळते. बॅटरीच्या तारा सोडवताना सहसा ऋण टोकाची तार आधी सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पान्याचा चुकून गाडीच्या पत्र्याला स्पर्श झाला, तरी ठिणगी उडत नाही. मुलांनी तर ही कामे मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावीत.

इंग्लंडमध्ये हे चालू असताना अमेरिकेतही तशाच विचाराचा एक माणूस लिहीत होता. न्यू मेक्सिको राज्यातील सान्ता फे येथे राहणाऱ्या जॉन म्यूर या अभियंत्याने १९६९ साली फोक्सवॅगन गाडीच्या दुरुस्तीचे पुस्तक काढले. पीटर आशवान्डेन यांची मजेदार चित्रे त्यात होती. म्यूर यांचा सूर हेन्स यांच्याहून अगदी वेगळा. हेन्स नेटके आणि मोजके लिहीत. म्यूर शेजारी बसून गप्पा मारल्यासारखे लिहीत. ज्याने कधी पाना हातात धरला नाही, त्याच्यासाठीच आपले पुस्तक आहे, असे त्यांनी त्याच्या नावातच सांगून टाकले होते. पुस्तकाची पाने तारेच्या वेटोळ्यात ओवलेली असत, त्यामुळे जमिनीवर उघडे ठेवले तरी ते मिटत नसे. ज्याचे दोन्ही हात तेलाने बरबटले आहेत, त्याला या सोयीचे मोल विचारावे.

पुढे गाड्याच बदलल्या. इंधन किती जायचे आणि ठिणगी केव्हा पडायची, हे छोटे संगणक ठरवू लागले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १९९६ पासूनच्या मोटारींत चालकाच्या पायांजवळ एक ठरावीक आकाराची खोबण असते. तेथे उपकरण जोडले, की गाडी आपला बिघाड सांकेतिक अंकांत सांगते. परंतु त्या अंकांपलीकडची सारी माहिती आणि ती वाचण्याची साधने कारखानदारांनी आपल्या अधिकृत दुकानांपुरतीच ठेवल्याची तक्रार लहान गॅरेजवाले करू लागले. पाना हातात आहे, पण कुलपाची किल्ली दुसऱ्याजवळ आहे, अशी त्यांची अवस्था झाली. अखेर ६ नोव्हेंबर २०१२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील नागरिकांनी या प्रश्नावर मतदान केले. दुरुस्तीची जी माहिती अधिकृत दुकानांना मिळते, ती गाडीच्या मालकाला आणि इतर गॅरेजांनाही रास्त दरात मिळाली पाहिजे, असा कायदा फार मोठ्या बहुमताने संमत झाला. २०१४ साली मोटार कारखानदारांनी हीच तत्त्वे साऱ्या अमेरिकेसाठी मान्य करणारा करार केला.

जॉन हेन्स यांना १९९५ साली प्रकाशनकार्याबद्दल ब्रिटिश सरकारचा ‘ओ. बी. ई.’ हा बहुमान मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वेळेपर्यंत त्यांच्या संस्थेच्या पुस्तकांच्या २० कोटींहून अधिक प्रती जगभर विकल्या गेल्या होत्या. त्यांनी १९८५ साली स्पार्कफर्ड येथे उघडलेले मोटारींचे संग्रहालय पाहायला लोक जातात.

मॅसॅच्युसेट्समधील वाद मात्र तेथे मिटला नाही. नव्या गाड्या आपला बिघाड खोबणीतून सांगण्याऐवजी बिनतारी संदेशाने थेट कारखानदाराला कळवू लागल्या. ते संदेश मालकालाही वाचता आले पाहिजेत, असे त्या राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा मोठ्या बहुमताने ठरवले. आणि त्याच महिन्यात कारखानदारांची संघटना त्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेली.